चार दिशा पायांनी वाचणाऱ्या मुन्शीणबाई

मुन्शीणबाई येत तेव्हा आधी काजळाच्या शाईचा वास येई. विझलेल्या समईपाशी जसा एक तेलकट, ऊबदार दरवळ रेंगाळतो, तसा. मग फरशीवर कडक टाचांचा आवाज उमटे, आणि त्यामागून त्या स्वतः प्रकट होत: उंच, काटक, कपाळापर्यंत पदर ओढलेला, आणि मागे बुचड्यात बोरूची लेखणी खोचलेली. दुसऱ्या बायका जिथे फूल माळत, तिथे त्या लेखणी माळत. त्यांच्या मानेवर डाव्या बाजूला शाईचा एक लहानसा डाग कायमचा मुरला होता. पुष्कळ दिवस मी त्याला तीळ समजत होते.

ही भोकरदनची गोष्ट आहे, निजामी अंमलातली. आमच्या मुलखात तेव्हा माणसं मराठीत हसत, मराठीत रडत, आणि कचेरीचे कागद मात्र उर्दूत येत. दारात आलेला कागद सुलटा धरला आहे की उलटा, हेही पुष्कळांना कळत नसे. त्या वळणदार, उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या ओळींत आपलं शेत आहे, घर आहे की नुसता सरकारी निरोप आहे, हे सांगणारं माणूस हवं असे. अशी माणसं अदालतीसमोर कडुनिंबाखाली बसत आणि तोंड उघडण्याआधी हात पुढे करीत. मुन्शीणबाई आपल्या ओसरीवर बसत आणि हात पुढे करीत तो फक्त कागदासाठी.

त्यांचे वडील अर्जनवीस होते. लोकांचे अर्ज लिहून देण्याची त्यांच्याकडे सरकारी सनद होती. नर्मदा त्यांची एकुलती लेक. लग्न होऊन वर्ष सरलं नाही तोच तिचा नवरा प्लेगात गेला आणि ती माहेरी परतली. त्याच सुमाराला वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. म्हाताऱ्यानं कुणाला कळू दिलं नाही. दिवसभर तो कडुनिंबाखाली बसून लोकांचं ऐकून घेई, घरी येऊन सांगे, आणि लेक लिही. सकाळी तो कागद घेऊन जाई आणि खाली चाचपडत सही करी. एकदा अदालतीत न्यायाला बसणारे मुन्सफसाहेब म्हणाले, "मुन्शीजी, उमर झाली तसा तुमचा हात जवान होत चाललाय." म्हाताऱ्यानं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा बापलेक इतके हसले की शेजारी काय झालं म्हणून पाहायला आले.

म्हातारा गेला. तेराव्यानंतर आठवड्याभरात अदालतीत पुन्हा त्याच अक्षरातला अर्ज दाखल झाला. साहेबांपुढे कागद मांडणाऱ्या पेशकारानं तो उजेडात धरला, पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "मुन्शीजी वरून बी अर्ज पाठवून राह्यले का काय?" त्या दिवसापासून नर्मदाबाईंचं नाव मुन्शीणबाई पडलं.

सनद वडिलांसोबत गेली. त्यामुळे त्या कुणाचे पैसे घेऊ शकत नव्हत्या, आणि घेतही नव्हत्या. कडुनिंबाखालच्या एका अर्जनवीसानं त्यांना भर रस्त्यात अडवलं होतं. "बाई, सनद कुठं हाय तुमची?" मुन्शीणबाईंनी त्याच्याकडे न बघता, सोबतच्या बाईला सांगितलं, "याला म्हण, सनद न्हाई म्हणूनच फुकट हाय. याच्याकडं सनद हाय, म्हणून याच्यापुढं कुणी बसत न्हाई." अनोळखी पुरुषाशी त्या थेट बोलत नसत. ही त्यांच्या घरची रीत होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली. पण रीत पाळूनही बोलणं जिथे पोचायचं तिथे बरोबर पोचे.

कागद वाचण्याची त्यांची एक पद्धत होती. आलेल्या बाईला आधी पाणी प्यायला लावायचं. मग विचारायचं, "तुला काय वाटतं, काय लिहिलंय यात?" बाई आपली भीती सांगे. ती सगळी ऐकून घेतल्यावरच त्या कागद उघडत. एकदा एक बाई दूरच्या खेड्यातून चालत आली होती. डोळे सुजलेले, पदराच्या गाठीत चुरगाळलेला कागद. "घर गेलं माझं," एवढंच म्हणत होती. मुन्शीणबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि घडी घालून तिच्या मांडीवर ठेवला. "हैदराबादेत तुझ्या चुलतभावाच्या पोराचं लगीन हाय. तुला बोलावलंय. जेवण दोन वक्ताचं हाय." ती बाई आधी रडायची थांबेना आणि मग हसायची थांबेना. त्या दिवशी त्यांनी तिला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. "लग्नाच्या कागदाला इतकं रडलीस," त्या तिला म्हणाल्या, "आता लग्नात रडू नको."

पण त्यांची खरी ओळख दुसरीच होती. घर, जागा, वावर यांचा कागद असला की तो ओसरीवर वाचून त्यांचं समाधान होत नसे. त्या उठत, पायांत वहाणा सरकवत आणि त्या जागेवर जात. मग कागद हातात धरून लिहिलेल्या चारही सीमा चालत. "कागद लिहिणारा बसून लिहितो," असं त्या म्हणत. "बसलेल्या माणसाला वाटतं, जग त्याच्या समोर हाय तेवढंच हाय. पाय आपण द्यायचे कागदाला." हे त्या इतक्या सहज म्हणत की ऐकणाऱ्याला तो एक वेडेपणा वाटे. मलाही वाटे. कोंडाकाकूंच्या घरावर पाळी आली तेव्हा त्या वेडेपणाची किंमत मला कळली.

कोंडाकाकू आणि गंगारामकाका रंगारी होते. आमच्या घराची उत्तरेची भिंत आणि त्यांची दक्षिणेची भिंत एकच. त्यांचं चार खणांचं घर बोळाच्या या अंगाला, आणि बोळ ओलांडून समोर त्यांची रंगाची जागा: मोकळं आवार, कडेला छप्पर, छपराखाली कमरेएवढे चार रांजण आणि पलीकडे केळणा नदीच्या पात्रात उतरणारी पायवाट. रंगाचं पाणी बोळातून वाही. एके दिवशी ते निळं असे, एके दिवशी मंजिठी लाल, आणि उन्हात त्याला आंबट, मातकट, पानं कुजल्यासारखा वास सुटे. गंगारामकाकांचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि नखं तर सणासुदीलाही निळीच राहत. घराच्या भिंतींची माती कोंडाकाकूंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी स्वतःच्या पायांनी तुडवली होती. "ह्या भिंतीत माझं वजन हाय," असं त्या म्हणत. त्यांची सगळी बाळंतपणं त्याच घरात झाली होती.

मग युरोपात लढाई पेटली आणि जर्मन रंगाचे डबे यायचे बंद झाले. जुन्या निळीवर आणि मंजिठीवर धंदा ओढायचा तर माल आधी भरून ठेवावा लागे. गंगारामकाकांनी पेठेतल्या सावकाराकडे रंगाची जागा गहाण टाकली. पुढे हप्ते थकले आणि सावकारानं दावा लावला.

इथे काकांच्या हातून जी चूक झाली ती आमच्या आळीतल्या कुणीही केली असती. आमच्याकडे पक्का समज होता की अदालतीचा कागद हातात घेतला नाही, तर तो लागू होत नाही. चपराशाचा फेटा बोळाच्या तोंडाशी दिसला रे दिसला, की काका-काकू दाराला कुलूप घालून नदीवर जात. असं दोनदा झालं. एकीकडे दावा चालला, तो एकतर्फी निकाली निघाला, आणि तिसऱ्या खेपेला चपराशानं खळ लावून दारावरच एक कागद चिकटवला. काकांनी तो नखांनी खरवडून काढला आणि सरळ निळीच्या रांजणात बुडवला.

माझ्या आईनं हे आमच्या ओट्यावरून पाहिलं. तिनं पदर खोचला आणि मुन्शीणबाईंना घेऊन आली.

त्यांनी काठीनं रांजण ढवळून कागद बाहेर काढला आणि रंगवलेल्या लुगड्यांशेजारी दोरीवर वाळत घातला. तो सुकेपर्यंत त्यांनी काकूंचं सगळं ऐकून घेतलं. मग उन्हाकडे धरून पाहिला. सगळा कागद आभाळासारखा निळा झाला होता.

"गंगाराम, तुला कुणी सांगितलं, कागद बुडवला की हुकूम बुडतो?"

"सारी आळी म्हणती, बाई."

"मंग आळीला इचार, आळीच्या घरावर कवा हर्रास आल्ती का."

हर्रास म्हणजे जाहीर लिलाव. तो शब्द ऐकला आणि कोंडाकाकू बसल्या जागी भिंतीला टेकल्या.

"छापील अक्षरं राह्यली," मुन्शीणबाई म्हणाल्या. "ती म्हणत्यात, हर्रास. कशाची आन् कोणत्या दिवशी, हे हातानं लिहिलं व्हतं. ते तुमच्या निळीनं खाल्लं."

"आता काय करायचं, बाई?" काकूंचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"आता कागद घ्यायचा. हात पुढं करून घ्यायचा. चल उद्या माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी त्या काकूंना घेऊन अदालतीत गेल्या. नकला देणारा कारकून त्यांच्या वडिलांना मानीत असे. त्यानं हर्राशीच्या हुकमाची, दाव्याची आणि मूळ गहाणखताची अशा तीन नकला दिल्या. सरकारी शुल्क काकूंनीच भरायचं, हा मुन्शीणबाईंचा आग्रह. "आपल्या घराचा कागद आपल्या पैशानं घ्यावा. मंग तो आपला वाटतो."

नकला वाचल्या गेल्या आमच्या ओट्यावर. आईनं वाटीत गूळ ठेवला होता, त्याला कुणी हात लावला नाही. हुकूम साफ होता: आठव्या दिवशी गंगाराम रंगारी याच्या मकानाची हर्रास. काकूंनी डोळे मिटले. मुन्शीणबाई मात्र पुढे वाचत होत्या. मकानाच्या खाली चतुःसीमा लिहिल्या होत्या. पूर्वेस बोळ. पश्चिमेस नदीकडे जाणारी वाट. दक्षिणेस चिंच. उत्तरेस पडकी भिंत. त्यांनी दाव्याची नकल उघडली, मग गहाणखताची. तिन्हींत सीमा त्याच होत्या. त्यांचं बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

"कोंडे, सकाळी तुझ्या घरात ऊन कुठून येतं?"

"मागच्या तेल्याच्या भिंतीवरून."

"तिकडं तोंड केलं तर बोळ कुठं राह्यला?"

"पाठीशी."

मुन्शीणबाईंनी वहाणा घातल्या. त्या काकूंच्या घरात शिरल्या, मधल्या खणात उभ्या राहिल्या, पूर्वेकडे तोंड केलं आणि मागे वळून दारातून बोळाकडे पाहिलं. मग बोळ ओलांडून रंगाच्या जागेत गेल्या आणि तिथे पुन्हा पूर्वेकडे तोंड केलं. आता बोळ समोर होता. मग दक्षिणेच्या चिंचेच्या खोडावर त्यांनी तळहात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला हसू म्हणता येणार नाही. कोरड्या पडलेल्या विहिरीच्या तळाशी ओल दिसावी आणि खणणाऱ्यानं वर पाहावं, तसं काही होतं ते.

"गहाणखतात मकान न्हाईच," त्या परत येऊन म्हणाल्या. "छपरासह रंगाची जागा, बस. सावकाराच्या गुमास्त्यानं दाव्यात वर 'मकान' घातलं आन् खाली सीमा खतावरून जशाच्या तशा उतरवल्या. पुढं हुकूम लिहिणारानं दाव्यावरून उतरवलं. तिघं बसून लिहीत व्हते. उठून कुणी आलंच न्हाई."

"मंग घर वाचलं?" काकूंनी विचारलं.

"सांगितल्याबिगर न्हाई वाचत. उज्र लावावी लागंल. म्हंजी हरकत. गंगारामलाच अदालतीत बोलावं लागंल."

गंगारामकाका जन्मात कुणा साहेबापुढे उभे राहिले नव्हते. मुन्शीणबाईंनी अर्ज लिहिला, त्यांचा निळा अंगठा त्यावर उठवला आणि त्यांना मोजकंच बोलणं पाठ करायला दिलं. दोन दिवस ते रांजण ढवळता ढवळता तेच पुटपुटत होते. अदालतीत काय झालं ते काका पुढे स्वतःच हसून सांगत. मुन्सफसाहेबांनी विचारलं, "काय उज्र आहे?" काकांनी हात जोडले आणि एका दमात म्हणून टाकलं, "सरकार, आमचं घर बोळाच्या पूर्वेला हाय, गहाण हाय ती पश्चिमेची जागा, जागेवर येऊन बघावं, एवढं बोलायचं आन् मंग गप बसायचं." सगळी अदालत हसली. मुन्सफसाहेबही हसले, आणि हसता हसताच त्यांनी जागा पाहून येण्याचा हुकूम अमिनाला दिला.

अमीन म्हणजे अदालतीतर्फे जागा तपासणारा अधिकारी. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. वयस्कर, शांत माणूस, काखेत छत्री, खिशात पितळी होकायंत्र. सावकाराचा गुमास्ता बगलेत कागद घेऊन सोबत होता. आळी दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर उभी होती. आम्ही बायका आमच्या दारात.

अमिनानं होकायंत्र काढलं, हलवलं, पुन्हा हलवलं. काटा हटेना.

"कोंडे," मुन्शीणबाई कोंडाकाकूंना म्हणाल्या. अमीन दोन हातांच्या अंतरावर उभा होता. "साहेबांना म्हण, काटा बंद असंल, सूर्य तर चालू हाय."

"साहेब, बाई म्हणत्यात—"

"ऐकलं," अमीन म्हणाला. मग त्यालाही ही रीत आवडली असावी. "बाईंना सांगा, सूर्य मान्य आहे."

गुमास्ता पुढे आला. "साहेब, हे पूर्वपश्चिम काय घेऊन बसले? लिहिणाऱ्यानं दिशा उलट्या लिहिल्या असतील. बोळ पश्चिमेला म्हणायचं ते पूर्वेला म्हटलं. बिलकुल साधी चूक हाय."

कोंडाकाकूंचा चेहरा उतरला. हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. मुन्शीणबाईंनी मात्र पदर सारखा केला.

"कोंडे, त्यांना म्हण, बराबर बोलले. बसून लिहिताना माणसाच्या हातून दिशा उलटती. तुम्हीच वाचा तुमचा कागद. उलट वाचायचा तर उलट वाचा. मी चालते."

अमिनानं मान डोलावली. गुमास्त्याला वाचावं लागलं. त्यानं कागद नाकाशी धरला. "मशरिक में गली." पूर्वेस बोळ. मुन्शीणबाई रंगाच्या जागेत गेल्या आणि सूर्याकडे चालत येऊन बोळाच्या काठाशी थांबल्या. "मगरिब में राह-ए-नदी." त्या वळल्या आणि पश्चिमेला पायवाटेच्या उतारावर जाऊन उभ्या राहिल्या. दक्षिणेला त्यांनी चिंचेला हात लावला. उत्तरेला पडक्या भिंतीचा एक दगड टाचेनं दाबला. चारही वेळा आळी एकदम पुटपुटली, जणू कुणी आरतीची ओळ सांगत होतं आणि बाकीचे पुरी करीत होते.

मग त्या बोळ ओलांडून कोंडाकाकूंच्या घराच्या दारात आल्या.

"आता ह्या घरासाठी वाचा म्हणावं. सुलट वाचा, उलट वाचा. एका अंगाला बोळ हाय, हे मान्य. दुसऱ्या अंगाला नदीची वाट पाह्यजे. तिथं तेल्याची भिंत हाय. दक्षिणेला चिंच पाह्यजे, उलट वाचा तर पडकी भिंत. तिथं या पोरीचं घर हाय."

'ही पोरगी' म्हणजे मी. एवढाच माझा या गोष्टीत भाग.

गुमास्ता वाचेना. अमिनानं छत्री दुसऱ्या काखेत घेतली.

"पढिये," तो म्हणाला.

गुमास्त्यानं कागदाची घडी घातली.

"बाईंना सांगा," अमीन कोंडाकाकूंकडे वळून म्हणाला, "मी काय पाहिलं ते मी लिहीन. उभ्यानं लिहीन."

आणि त्यानं खरोखर आमच्या ओट्याच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्यानंच अहवाल लिहिला. हर्राशीतून घर वगळल्याचा हुकूम दोन दिवसांनी आला. चपराशी बोळाच्या तोंडाशी दिसला तेव्हा गंगारामकाका धावत सामोरे गेले आणि तो कागद त्यांनी दोन्ही निळ्या हातांत घेतला. काकू उंबऱ्यात बसल्या आणि भिंतीवर पाठ घासत राहिल्या, गुरं घासतात तशी, डोळे मिटून.

रंगाची जागा गेली. ती गहाण होती आणि ती जायचीच होती. पण लिलावाच्या आदल्या दिवशी मुन्शीणबाईंनी गहाणखत पुन्हा एकदा वाचलं. "छप्पर लिहिलंय. जागा लिहिलीय. रांजण कुठं लिहिलेत?"

मग आळी जी लोटली ती पाहण्यासारखी होती. तेली आला, सुतार आला, माझे वडील धोतराचा काचा मारून आले. वासे आणि दोरखंड लावून आठ-आठ जणांनी एकेक रांजण उचलला. रंग ओतून द्यायला काका तयार नव्हते, त्यामुळे भरले रांजण डचमळत बोळ ओलांडू लागले. निळी लाट काठावरून उसळे आणि वाहणाऱ्याच्या खांद्यावर फुटे. "गंगाराम, फुकट रंगवून राह्यला का आम्हाला?" तेली ओरडला, आणि बाकीचे त्याला म्हणाले, "लागू दे की, तुला एक तरी रंग चढंल." बोळाच्या मातीत निळा, लाल, हळदी चिखल झाला. कोंडाकाकू घराच्या अंगणात उभ्या राहून रांजण कुठे टेकवायचा ते दोन्ही हातांनी दाखवत होत्या. त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा, पार नदीपर्यंत जाणारा झाला होता.

चौथा रांजण उंबऱ्यापाशी आला तेव्हा त्यांनी मुन्शीणबाईंना हाक मारली. त्या तिथे नव्हत्या. मी त्यांना शोधत बोळाच्या टोकापर्यंत गेले. नदीपलीकडच्या कुठल्या गावची एक बाई सकाळपासून तिथे बैलगाडी घेऊन थांबली होती. मुन्शीणबाई तिच्या शेजारी गाडीत बसल्या होत्या.

"बाई, काकू बोलावतात," मी म्हटलं. "शिरा केलाय."

"तिला म्हण, पोरांना घाल. मला ह्यांच्या गावी जायचंय, उन्हं हाईत तवर."

"पण तुमच्यासाठी केलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लुगड्याच्या काठाला बोळातला निळा चिखल लागला होता. "माझ्यासाठी कशाला? घर तिचं हाय," त्या म्हणाल्या, आणि गाडीवानाला खूण केली.

पुढच्या महिन्यात माझं लग्न झालं आणि मी भोकरदन सोडलं. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. म्हणून त्यांना आठवू गेले की मला ती गाडीच दिसते. केळणेच्या उताराला लागलेली, चाकांखाली वाळू करकरत असलेली. शेजारची बाई दोन्ही हात हवेत फिरवून काहीतरी सांगत होती, आणि मुन्शीणबाई तिच्याकडे मान कलती करून ऐकत होत्या. बैल पाण्यात शिरले. पलीकडच्या काठावर चढेपर्यंत ती बाई बोलतच होती, आणि मुन्शीणबाईंनी अजून तिचा कागद उघडला नव्हता.